रुळांकाठचा धर्मगुरू : बिशप एरिक ट्रेसी

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा आपल्यापुढे बहुधा राजे, सेनापती, शास्त्रज्ञ अथवा लोकनायक उभे राहतात. त्यांनी राज्ये जिंकली, शोध लावले किंवा लोकांना जागे केले. परंतु काही माणसे अशीही होऊन गेली की, ज्यांनी केवळ डोळे उघडे ठेवून जगाकडे पाहिले, आणि आपणांस जे दिसले ते पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवले. इंग्लंडातील बिशप एरिक ट्रेसी हे अशांपैकी एक होत. व्यवसायाने ते ख्रिस्ती धर्मगुरू होते. मात्र त्यांच्या एका हातात धर्मग्रंथ असे तर दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याचा रोख असे तो वाफेवर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनांवर. त्यामुळे लोक त्यांना प्रेमाने रेल्वे बिशप म्हणत.

इंग्लंडातील एका पाद्र्याचे चरित्र भरवेलीच्या विद्यार्थ्यांनी का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, खाण आणि मालगाडी यांचा संबंध आम्हां भरवेलीकरांना निराळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या भूमीच्या पोटातून निघणारे मँगनीज पोलादात मिसळते, आणि त्या पोलादाचे रूळ, चाके व पूल होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील मँगनीज आगगाडीने बंदरास आणि तेथून जहाजाने इंग्लंडातील पोलादाच्या कारखान्यांना जात असे. ज्यात बारा-तेरा टक्के मँगनीज असते असे अतिकठीण पोलाद १८८२ साली शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी शोधून काढले. रूळ जेथे एकमेकांस छेदतात तेथे चाकांचे आघात सोसण्यासाठी हेच पोलाद वापरतात. तेव्हा ट्रेसी ज्या रुळांच्या काठी तासन् तास उभे राहत, ते रूळ आमच्या मातीस अगदीच परके नव्हते, असे म्हणण्यास हरकत नाही.

एरिक ट्रेसी यांचा जन्म २ जून १९०७ रोजी लंडन शहराच्या विल्सडेन भागात झाला. शालेय शिक्षण संपवून पुढे ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकले. १९३२ साली त्यांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली आणि लिव्हरपूल या बंदराच्या गावी ते काम करू लागले. १९३६ साली त्याच शहरातील एज हिल या वस्तीच्या चर्चचे ते मुख्य धर्मगुरू झाले. त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते येथे.

एज हिल हे नाव रेल्वेच्या इतिहासात मोठे आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही जगप्रसिद्ध आगगाडी १८३० साली सुरू झाली, तेव्हापासून हे ठिकाण रेल्वेचे केंद्र बनले. येथे इंजिनांची मोठी शेड होती. वस्तीतील कितीतरी घरांतील कर्ता पुरुष चालक, फायरमन अथवा फिटर म्हणून रेल्वेत राबत असे. अशा लोकांचा धर्मगुरू होऊन आलेल्या तरुणापुढे दोन मार्ग होते. लोक चर्चमध्ये येतील तेव्हा त्यांना उपदेश करावा हा एक. लोक जेथे राबतात तेथे आपण स्वतः जावे हा दुसरा. ट्रेसी यांनी दुसरा मार्ग धरला. कोळशाच्या धुळीने आणि तेलाच्या ओघळांनी माखलेल्या त्या शेडमध्ये ते जात, चालक-फायरमनांशी बोलत, त्यांची सुखदुःखे ऐकत. इंजिनांची आवड तर त्यांना होतीच. त्या आवडीमुळे माणसे जवळ आली, आणि माणसे जवळ आल्यामुळे आवड अधिक खोल झाली.

छायाचित्रणाचा त्यांचा छंद याच लिव्हरपूलच्या काळात वाढला. आज खिशातील फोनवर बोट टेकवले की चित्र उमटते. त्या काळी तसे नव्हते. चित्र काचेच्या प्लेटवर किंवा फिल्मवर घ्यावे लागे. जवळच्या प्लेटा संपल्या की काम थांबले. घेतलेले चित्र बरे आले की वाईट, हे अंधाऱ्या खोलीत रसायनांत धुतल्यावरच कळे. तोवर गाडी निघून गेलेली असे, आणि ती परत बोलावता येत नसे. म्हणून बटण दाबण्यापूर्वीच सारा विचार करावा लागे.

यातील गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ उघडा राहिला, तर तेवढ्यात गाडी २५ सेंटिमीटर सरकते आणि चित्र पुसट येते. हजाराव्या भागाइतकाच उघडला, तर ती अडीच सेंटिमीटरच सरकते, परंतु मग प्रकाश दहापट कमी मिळतो. इंग्लंडच्या ढगाळ हवेत इतका प्रकाश आणावा कोठून? यावर एक उपाय असा की, गाडीचा वेग जेथे आपोआप कमी होतो अशी जागा निवडावी. चढावर गाडी ताशी ३६ किलोमीटरवर आली, तर ती सेकंदात १० मीटरच जाते. शिवाय चढावर इंजिनाला सर्व शक्ती पणास लावावी लागते, त्यामुळे धूर आणि वाफ यांचे लोट आकाशात उंच उठतात. गाडी अगदी बाजूने न टिपता समोरून तिरकी टिपली, तर तिची हालचाल चित्रात आणखी कमी जाणवते. थंडीत वाफ चटकन निवून पांढरी शुभ्र दिसते, उन्हाळ्यात तीच विरून जाते.

ट्रेसी यांना या साऱ्या गोष्टी अनुभवाने अवगत झाल्या होत्या. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडताच खडक कापून केलेल्या खोल खिंडीतून गाड्या चढ चढत एज हिलकडे येत. काळ्या भिंती, वरून तिरका येणारा प्रकाश आणि त्यात उसळणारी वाफ यांची त्यांनी घेतलेली चित्रे फार नावाजली गेली. उत्तर इंग्लंडातील शॅपचा चढ त्यांचे दुसरे आवडते ठिकाण. तेथे सुमारे चार मैलांपर्यंत दर ७५ फुटांस एक फूट असा चढ आहे. डोंगराळ, उघड्या माळरानावर वारा आणि पाऊस सोशीत ते गाडीची वाट पाहत. आणि येथेच त्यांच्या मैत्रीचे फळ त्यांना मिळे. लाइनीवर कॅमेरा घेऊन उभे असलेले पाद्रीबाबा दिसले की चालक त्यांना ओळखीत आणि फायरमन भट्टीत ताजा कोळसा टाकून धुराचा लोट उठवीत. ट्रेसी यांच्या चित्रांतील धुराचे वैभव हे असे दोघांच्या सहकार्याचे होते.

आता इंजिनांच्या रंगांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ही कथा पुरी होत नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये चार मोठ्या रेल्वे कंपन्या होत्या, आणि प्रत्येकीच्या उतारू इंजिनांचा थाट वेगळा असे. ग्रेट वेस्टर्नची इंजिने गर्द हिरवी, धुराड्याच्या टोकाला तांब्याची झळझळीत कड. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नची कोवळ्या सफरचंदासारखी हिरवी, आणि तिची वाऱ्याला कापीत जाणारी निमुळती इंजिने निळी. लंडन मिडलंड अँड स्कॉटिशची किरमिजी तांबडी. याच कंपनीने १९३७ साली लंडन ते ग्लासगो धावणाऱ्या खास गाडीसाठी निळ्या अंगावर रुपेरी पट्टे ओढलेली इंजिने काढली. रंगाच्या कडेने बारीक रेघा हाताने आखीत, वर वार्निश देत, आणि शेडमधील पोरे चिंध्या घेऊन ती चकचकीत पुशीत.

गंमत अशी की, ट्रेसी यांची बहुतेक चित्रे कृष्णधवल होती. मग रंगाचे काय? येथे आणखी एक शास्त्र आहे. जुन्या पद्धतीच्या प्लेटांना निळा रंग फार तीव्र दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे इंजिन चित्रात फिके आणि किरमिजी इंजिन काळे येई. पुढे सर्व रंग जाणणाऱ्या फिल्म आल्या, तेव्हा या छटा करड्या रंगाच्या निरनिराळ्या पायऱ्यांनी दाखविता येऊ लागल्या. रंग नसलेल्या चित्रातून रंगाचा थाट सुचविणे, हे चांगल्या छायाचित्रकाराचे कसब होय. वार्निशवर पडलेली उन्हाची तिरीप, पितळेवरील चमक आणि आखीव रेघांची स्वच्छता यांवरून पाहणाऱ्यास कळते की हे इंजिन कोणी तरी ममतेने पुसले आहे.

परंतु हा सारा थाट उतारूंच्या इंजिनांचा होता. मालगाडीच्या बहुतेक इंजिनांना हिरवा अथवा किरमिजी रंग मिळत नसे. त्यांच्या वाट्यास येई तो साधा काळा रंग, रेघ नाही की पट्टा नाही. कारण उघड होते. त्यांच्यात बसून कोणी प्रवास करीत नव्हते आणि त्यांच्याकडे पाहून कोणी तिकीट काढणार नव्हते. कोळसा, लोखंड आणि धान्य ओढणाऱ्या या इंजिनांवरच देशाचे कारखाने चालत आणि घरांच्या चुली पेटत. तरीही शृंगार एकाच्या अंगावर आणि ओझे दुसऱ्याच्या पाठीवर, हा जगाचा न्याय त्यांनाही लागू होता. ट्रेसी यांचा कॅमेरादेखील वेगवान उतारू गाड्यांकडे अधिक वळे, हे खरे आहे. तथापि शेडमधील अंधार, तेथे राबणारे काळे हात आणि मालाच्या गाड्या यांनाही त्यांनी आपल्या चित्रांत जागा दिली. काळ्या इंजिनाचे चित्र घेणे तर अधिक कठीण. ऊन डोक्यावर असेल तर त्याचा काळा ढीग दिसतो. सूर्य खाली उतरून किरणे बाजूने आली, म्हणजे मगच चाके, दांडे आणि खिळे एकेक करून उजेडात येतात. जे इंजिन साधे आहे, त्याचे रूप पाहावयाचे तर पाहणाऱ्याने योग्य वेळेची वाट पाहिली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात ट्रेसी सैन्यात धर्मगुरू म्हणून गेले, आणि त्या सेवेबद्दल १९४५ साली त्यांना सरकारी सन्मान मिळाला. युद्धात इंजिनांचाही शृंगार गेला. रंग आणि माणसे दोन्ही टंचाईची झाल्यामुळे बहुतेक सर्वच इंजिने काळी झाली. युद्ध संपल्यावर ट्रेसी यॉर्कशरमधील कीथली येथे धर्मगुरू झाले. १९४९ साली हॅलिफॅक्सचे आर्चडीकन, १९६१ साली पॉन्टेफ्रॅक्टचे बिशप आणि १९६८ साली वेकफील्डचे बिशप अशा पायऱ्या ते चढत गेले. हा सारा मुलूख लोकरीच्या गिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा होता. खाणीत उतरणारे मजूर, गिरणीत उभ्या राहणाऱ्या बाया आणि रेल्वेचे कामगार हेच त्यांचे लोक. पद वाढले तरी कॅमेरा सुटला नाही आणि चालकांशी मैत्रीही सुटली नाही. धर्माचे काम आधी, छंद नंतर, ही शिस्त त्यांनी पाळली आणि उरलेला वेळ वाया न घालविता हजारो चित्रे घेतली. 'स्टीम अप', 'ल्युअर ऑफ स्टीम' इत्यादी पुस्तकांतून ती घरोघरी गेली.

इकडे रेल्वेचे जग बदलत होते. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. त्या वेळी वाफेची सुमारे २०,००० इंजिने तिच्याकडे होती. रंगांचे नियम नव्याने ठरले. अखेर वेगवान उतारू इंजिने गर्द हिरवी, मिश्र कामाची काळी पण रेघांची, आणि मालगाडीची निव्वळ काळी, अशी व्यवस्था झाली. १९५५ साली वाफ टप्प्याटप्प्याने बंद करून डिझेल आणि वीज आणण्याची योजना जाहीर झाली.

आणि मग एक नवल घडले. नाइन-एफ नावाच्या मालवाहू जातीची २५१ इंजिने १९५४ ते १९६० या काळात बांधण्यात आली. दहा चालक चाकांची ही बलदंड इंजिने नियमाप्रमाणे काळी होती. त्यांतील शेवटचे इंजिन, क्रमांक ९२२२०, मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. ब्रिटिश रेल्वेने बांधलेले ते वाफेचे अखेरचे इंजिन होते. कारागिरांनी त्यास मालगाडीचा काळा रंग न देता उतारू इंजिनाचा गर्द हिरवा रंग दिला, त्यावर रेघा आखल्या आणि धुराड्यास तांब्याची कड चढविली. त्याचे नाव ठेवले इव्हनिंग स्टार, म्हणजे सांजतारा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ओझे वाहणाऱ्या एका कुळातील शेवटच्या लेकराला जणू राजवस्त्र नेसवून निरोप देण्यात आला. आपल्या देशातही असेच घडले. चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचे अखेरचे वाफेचे इंजिन १९७० साली तयार झाले. तेही डब्ल्यूजी या मालवाहू जातीचे होते, आणि त्याचे नाव ठेवण्यात आले अंतिम सितारा. दोन देशांतील कारागिरांना एकाच प्रकारचे नाव सुचावे, यात मनुष्यस्वभावाची एकता दिसते.

सांजतारा फार काळ चमकला नाही. अवघ्या पाच वर्षांनी, १९६५ साली, त्यास कामावरून काढण्यात आले. सुदैवाने ते मोडीत न जाता राष्ट्रीय संग्रहात ठेवले गेले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी रेल्वेवरील वाफेची नित्याची वाहतूक संपली. ट्रेसी वेकफील्डचे बिशप झाले ते याच वर्षी. ज्या इंजिनांवर त्यांनी प्रेम केले, ती भंगाराच्या आवारात रांगेने उभी राहिली. अशा वेळी माणूस एक तर नव्याचा तिरस्कार करतो, नाही तर जुने विसरतो. ट्रेसी यांनी दोन्ही केले नाही. डिझेल आणि विजेच्या गाड्यांचीही त्यांनी चित्रे घेतली, आणि जुनी इंजिने जतन करू पाहणाऱ्यांनाही त्यांनी आपला पाठिंबा दिला.

१९७६ साली ते निवृत्त झाले. १३ मे १९७८ रोजी सेटल-कार्लाइल या डोंगरी मार्गावरील ॲपलबी स्थानकात वाफेची एक खास गाडी येणार होती. हा मार्ग १८७६ पासून उतारूंची ने-आण करीत आलेला, उंच कमानींच्या पुलांचा आणि लांब बोगद्यांचा. गाडी ओढणार होते तेच हिरवे मालवाहू इंजिन, इव्हनिंग स्टार. सत्तर वर्षांचे ट्रेसी कॅमेरा घेऊन फलाटावर उभे होते. इंजिनाची वाट पाहत असतानाच ते कोसळले आणि त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. जन्मभर ज्याची वाट पाहिली त्याचीच वाट पाहताना मृत्यू यावा, असे मरण फार थोड्यांच्या वाट्यास येते. त्यांचे स्मारक म्हणून ॲपलबी स्थानकात एक फलक बसविण्यात आला, आणि १९७९ साली विजेच्या एका इंजिनास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या छायाचित्रांचा सुमारे १२,००० चित्रांचा संग्रह यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आला. सांजतारा इंजिनही त्याच राष्ट्रीय संग्रहातले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, काळ कोणासाठी थांबत नाही. ट्रेसी यांच्या धर्मक्षेत्राच्या आसपासची कोळशाची जी मोठी खाण केलिंगली येथे होती, ती ब्रिटनमधील अखेरची खोल कोळसाखाण ठरून २०१५ साली बंद झाली. गिरण्या गेल्या, वाफेची इंजिने गेली. चित्रे मात्र राहिली. आपल्याकडेही गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्यातील छोटी लाइन शंभर वर्षे चालून ब्रॉडगेजमध्ये विलीन झाली. तिच्या खुणा आज नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात पाहावयास मिळतात. पण तिच्या चालकांचे चेहरे, तिच्या इंजिनांचे रंग आणि चढावर दमणारा तिचा श्वास यांची चित्रे किती घरांत असतील?

दुसरी गोष्ट ही की, शृंगारलेल्याचे कौतुक सर्वच करतात. बिनशृंगाराच्या कष्टाळूचे रूप दिसण्यास मात्र सूर्य खाली उतरेपर्यंत थांबण्याची तयारी लागते. भरवेलीच्या खाणीतून अंगावर काळी धूळ घेऊन वर येणारे आपले वडील, काका, शेजारी हे उत्सवाच्या गाडीचे उतारू नव्हेत. ते ओझे वाहणारे आहेत. त्यांच्या कष्टांतूनच देशाचे पोलाद घडते आणि आपल्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आम्हांस वाटते की तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती पेटीतून बाहेर काढून, मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. रुळांवर न जाता, सुरक्षित जागी वडील माणसांबरोबर उभे राहून जाणाऱ्या मालगाडीकडे एकदा नीट पाहावे. तिच्या इंजिनाचा रंग कोणता, त्यावर पट्टा आहे काय, क्रमांक कोणता, चालकाचा चेहरा कसा, हे वहीत टिपावे. आज ती गोष्ट क्षुल्लक वाटेल. पन्नास वर्षांनी तीच या गावाचा इतिहास होईल. बिशप ट्रेसी यांनी रुळांकाठी उभे राहून याहून फारसे वेगळे असे काही केले नाही. त्यांनी ते आयुष्यभर, न कंटाळता आणि माणसांवर प्रेम ठेवून केले, इतकेच.